लायनर किती किलोमीटर जातात?

मंडळी, या वेळचा विषय जरा ग्रीसकट आहे. सिनेमा आणि पाककृतींसाठी इकडे डोकावणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण घरातल्या काही जणांनी मात्र हे शेवटपर्यंत वाचायचंच आहे, कोणी ते त्यांना कळेलच :)

त्याचं असं झालं, माझ्या आतेभावाने यंदा एक जुनी दहाचाकी गाडी घेतली. (आमच्याकडे 'गाडी' म्हणजे ट्रकच. बाकी सगळ्याला त्याचं त्याचं नाव असतं.) कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला साखर, सिमेंट जे मिळेल ते न्यायचं आणि येताना जांभ्याचा चिरा आणायचा, असा त्याचा बेत आहे. गाडीचे हप्ते चालू झालेत, त्यामुळे खर्चाचा हिशेब मांडायला बसला आणि मला विचारलं, "ताई, अण्णांची वही तुझ्याकडे आहे ना? त्यात बघून सांग की, ब्रेक लायनर किती किलोमीटर जातात?"

वही माझ्याकडे आहे, कारण ती मीच लिहायचे. नववीत असल्यापासून लग्न होईपर्यंत. अण्णांच्या दोन सहाचाकी गाड्या होत्या. एक सोलापूर-हैदराबाद करायची आणि दुसरी याच कुंभार्लीने कोकणात उतरायची. लायनर दोन्हींना एकाच दुकानातले आणि बसवणारा मिस्त्रीही एकच. तरीही सोलापूरच्या गाडीचा एक जोड उतरेपर्यंत घाटातल्या गाडीचे तीन जोड व्हायचे. म्हणजे वहीत उत्तर आहे, पण एक नाही, दोन आहेत. आणि त्यातलं कुठलंही त्याला आकडा म्हणून देणं मला बरोबर वाटत नाही.

का, ते सांगते. ज्यांनी ट्रकचं चाक उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात... आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना मागेपुढे ड्रम ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, आत दोन अर्धगोल शू, आणि शूवर रिव्हेटने ठोकलेले जाड पट्टे, तेच लायनर. ड्रायव्हरने पेडल दाबलं की टाकीतली हवा शूंना बाहेर ढकलते, लायनर ड्रमवर घासतो आणि गाडी थांबते. गाडीचा वेग जातो कुठे? सगळा उष्णतेत. हा झाला सपाटीचा हिशेब.

घाटात गाडीचं वजनच तिला खाली ढकलत असतं. दहाचाकी गाडीचं भरलेलं वजन २५ टन धरा (२०१८ साली सरकारने ही मर्यादा २८.५ टनांवर नेली). ती ५०० मीटर खाली उतरली तर जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात २०० लिटरची दोन पिंपं गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल! यातला काही भाग वारा घेतो, काही इंजिन घेतं आणि उरलेला सगळा ड्रम-लायनरच्या डोक्यावर. इंजिनचा वाटा किती हे ड्रायव्हरच्या हातात असतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुना नियम त्यासाठीच आहे. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर आणखी बरं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनचा वाटा शून्य. आणि इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे पाचसहा वेळा पेडल मारलं की टाकी रिकामी व्हायला लागते. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने उतारावर चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. आधी सगळीकडे 'ब्रेक फेल' असंच आलं. नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पुढे आलं. वाचवलेलं डिझेल किती असेल? एखादा लिटर?

ड्रम तापला की आणखी एक गंमत होते (गंमत कसली म्हणा). लोखंड फुगतं, ड्रम लायनरपासून लांब जातो, शूला जास्त अंतर कापावं लागतं. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पायाला पेडल लागतं, पण गाडी ऐकत नाही. त्यात लायनर आधीच झिजलेला आणि ब्रेक ॲडजस्ट केलेला नसला तर मग देवाचं नाव घ्यायचं.

म्हणून किलोमीटर मोजण्यापेक्षा चाक बघावं. लायनरची जाडी रिव्हेटच्या डोक्याजवळ यायच्या कितीतरी आधी बदलायची वेळ झालेली असते. अमेरिकेत मागच्या चाकांच्या हवेच्या ड्रम ब्रेकला शूच्या मध्यावर ६.४ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, ही किमान जाडीच नियमाने ठरवून दिली आहे. घाटात चालणाऱ्याने त्याच्याही आधी बदलावं. लायनरला तडे दिसले, हबचं ग्रीस झिरपून तो तेलकट झाला, की जाडी कितीही असो, काढायचा. पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा बसवणारे महाभाग मी पाहिलेत. वरून कोरडा दिसतो, आत तेल तसंच राहतं.

आता कुठला घ्यायचा? स्वस्त-महाग एवढंच बघू नकोस. लायनरच्या कडेला बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याहून वर ०.५५ पर्यंत. घाटासाठी दुसरं अक्षर बघायचं. ते पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड उतरणार. फार कडक लायनर जास्त टिकतो खरा, पण तो ड्रम खाऊ शकतो, आणि ड्रम लायनरपेक्षा महाग. ड्रम लेथवर खरडून घेतला असेल तर त्या मापाचा जाड लायनर लागतो, नाहीतर तो पूर्ण टेकतच नाही. एका एक्सलची दोन्ही चाकं एकदम आणि एकाच बनावटीच्या लायनरने करायची, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. बसवल्यावर पहिले काही दिवस सपाटीला चालवून लायनर ड्रमला बसू द्यायचा, लगेच भरलेली गाडी घाटात घालायची नाही. आणि खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' लिहिलंय का ते बघ. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, कर्करोग होतो. तेव्हा जुना ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने फुंकर मारायला कुणालाही देऊ नकोस. त्या वेळी चाकासमोर बसलेला असतो तो बहुधा गॅरेजमधला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा.

हे सगळं दुकानदारही सांगेल. पण वहीत एक नोंद आहे, ती दुकानदार सांगणार नाही. "ड्रायव्हर काका खाली जायला नाही म्हणाले. भाडं गेलं." एवढंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. गाडी साखरेची पोती भरून उभी होती आणि काका म्हणाले, ब्रेक मला बरोबर लागत नाही, मी घाट उतरणार नाही. लायनर बदलून फार दिवस झाले नव्हते, वहीप्रमाणे तर निम्मंही आयुष्य संपलं नव्हतं. अण्णा चिडले. ठेकेदाराने माल दुसऱ्या गाडीत भरला. संध्याकाळी मिस्त्रीने चाक उघडलं तर मागच्या डाव्या बाजूचा लायनर रिव्हेटपर्यंत आला होता आणि ड्रमवर चऱ्या पडायला लागल्या होत्या. शू परत येत नव्हता, दिवसभर घासत होता. बाकी तिन्ही चाकं ठणठणीत.

अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर लायनर आणायला दुकानात जाताना ते काकांना बरोबर नेऊ लागले. काका म्हणतील तो लायनर, आणि काका म्हणतील तेव्हा. पैसे अण्णांचे. भाऊबंदांनी चेष्टाही केली, मालक कोण नि नोकर कोण म्हणून. अण्णा म्हणायचे, "घाटात गाडीत तो असतो. मी असतो का?"

तर भावा, तुझ्या हिशेबात लायनरसमोर किलोमीटरचा आकडा लिहूच नकोस. दर महिन्याला चाकं उघडून बघायची मजुरी लिही. आणि ड्रायव्हर ठेवशील त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, ब्रेकवरून त्याने भाडं सोडलं तर त्याचा पगार कापला जाणार नाही.