हात काढू नको

मोठी मुलगी झाली तेव्हा बायको सोलापूरला माहेरी होती आणि मी पुण्यात. संध्याकाळी सातला सासऱ्यांचा फोन आला: कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय. रात्री एसट्या होत्या. मी सकाळची धरली. आत्ता जाऊन मी काय करणार, तिची आई आहे ना सोबत, असं म्हणालो आणि झोपलो. होय, झोपलो. पोचलो तेव्हा मुलगी दुपट्यात गुंडाळलेली होती. मी पेढे वाटले.

पुढे सात वर्षं हे मी बिनदिक्कत सांगत आलो. बाळंतपण हा बायकांचा प्रांत, पुरुषानं तिथं लुडबुडू नये, असं म्हणताना आपण बाईचा मान राखतोय असंच मला वाटायचं. खरं म्हणजे मी घाबरत होतो. तिच्या ओरडण्याला, रक्ताला आणि सगळ्यात जास्त, आपल्या हाती काहीच नसण्याला. भित्रेपणाला मी मर्यादा म्हणत होतो.

दुसऱ्या खेपेला तिनं माझ्यासमोरच डॉक्टरांना विचारलं, "हे आत आले तर चालेल?" त्या नको म्हणतील अशी माझी आशा होती. त्या म्हणाल्या, "जरूर."

मग मी वाचायला बसलो, पण पळवाट शोधायला. सरकारनं २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली, ती मुख्यतः स्वतः बाळंतपणातून गेलेल्या, नात्यातल्या बाईला. १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून जास्त बायकांचा एकत्रित आढावा सापडला: अखंड सोबत मिळाली तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, कळांचा काळही थोडा कमी होतो. पण सोबत नवऱ्याचीच हवी असं त्यात कुठं होतं? नर्स चालते, अनुभवी बाई चालते. मी लगेच म्हणालो, "मग आईंनाच बोलावू या."

"आई येईलच," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात."

रात्री दीडला दवाखान्यात पोचलो. पिशवीचं तोंड तीन बोटं उघडलं होतं. बाळाची पाठ तिच्या पाठीकडे होती, त्यामुळं सगळी कळ कंबरेत. मी बडबडत होतो: लांब श्वास घे, थोडंच राहिलंय. "गप्प बसा," ती म्हणाली. सिस्टरनी काही न बोलता माझा हात धरला, मनगटाजवळचा भाग तिच्या माकडहाडाच्या जरा वर टेकवला आणि वरून स्वतःचा हात दाबून दाखवला. "एवढा जोर. चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं."

मी दाबून धरलं. घामानं गाऊन पाठीला चिकटला होता. खाली हाड माझ्या हाताला उलटं रेटत होतं. तासाभरात असं झालं की तिच्या तोंडून आवाज निघायच्या आधी कळ माझ्या हाताला समजायची. मनगटात गोळा आला, म्हणून हात बदलायला मी जरा सैल केला.

"हात काढू नको."

लग्नाला दहा वर्षं झाली होती. ती मला कायम अहो-जाहो करायची. ते 'नको' ऐकून मी तोच हात तसाच घट्ट धरला. कळ ओसरल्यावर पलंगाच्या कडेला कपाळ टेकून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मागच्या वेळी भिंतीला कंबर दाबून उभी होते."

"आणि आई?"

"आईला आत येऊच दिलं नव्हतं."

सात वर्षं मी सांगत होतो की तिची आई सोबत होती. एकदाही विचारलं नव्हतं. ती रात्रभर एका भिंतीला टेकून होती आणि मी सकाळची एसटी पकडायची म्हणून गजर लावून झोपलो होतो. पुढची कळ आली. मी दोन्ही हात लावले.

मुलगा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी झाला. डॉक्टरांनी कात्री दिली, नाळ मी कापली. त्याबद्दल लोक फार विचारतात. मला मात्र अजून आठवतं ते उलटं रेटणारं हाडच.

घरी आल्यावर महिनाभरानं, बाळ झोपल्यावर, मी तिला म्हणालो की सोलापूरचं सगळं सांग, पहिल्यापासून.

"आत्ता? सात वर्षांनी?" तिनं विचारलं. मग उशी पाठीशी घेऊन बसली. "दुपारी भाकरी खाताना पहिली कळ आली. आईला सांगितलंच नाही मी..."