विचारायचे आहे

आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात संगणकाने मला तिला विचारायच्या शब्दांची यादी काढून दिली. यादीत ४१ शब्द होते.

हकिकत अशी. मोहाडीच्या आमच्या घरी आईच्या बोलण्यातले शब्द मी अनेक वर्षे वहीत टिपत असे. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणी हे तर होतेच. पण केवळ बायकांच्या बोलण्यात येणारेही होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या झाडीबोलीवरील कामापुढे हा एका स्वयंपाकघराचा कोश. तरी माझ्या दृष्टीने मोलाचा. पुढे अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने जावा भाषेत छोटासा प्रोग्राम करून दिला आणि वही मागे पडली.

त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक शब्द म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याचे कप्पे चार: शब्द, अर्थ, प्रयोग आणि आईने तो कुणाकडून ऐकला. हे ऑब्जेक्ट नांदते केवळ संगणकाच्या स्मृतीत. प्रोग्राम मिटला की तेही मिटते. म्हणून एक लायब्ररी त्याचा जेसन नावाचा साधा मजकूर करते (डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत), आणि दुसऱ्या दिवशी त्या मजकुरावरून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करते. स्मृतीची पोथी आणि पोथीची स्मृती! म्हाइंभटांचे स्मरण मराठीच्या अध्यापकाला व्हावे, यात नवल नाही.

चौथ्या कप्प्यात आरंभीच 'विचारायचे आहे' असे लिहिलेले असे. आईला विचारले आणि ती "काय मालूम बापा" म्हणाली, की मी तो कप्पा रिकामा करी. रिकामा म्हणजे विचारून झाले, तिला ठाऊक नाही. पण मजकूर करताना रिकामे कप्पे गाळायचे, हा त्या लायब्ररीचा मूळ रिवाज. वाचताना तिला त्या कप्प्याचा उल्लेखच सापडेना. मग नव्या ऑब्जेक्टमध्ये आरंभीचे शब्द होते तसेच राहिले. आईचे प्रत्येक 'ठाऊक नाही' असे रात्रीतून 'विचारायचे आहे' होत गेले.

"मामा, एक ओळ राहिली होती," भाचा म्हणाला. "रिकामे कप्पेही लिही, असं तिला सांगावं लागतं." ती ओळ त्याने घातली. आधी गळाले ते मात्र गळालेच.

लीळाचरित्राची मूळ प्रत लुटीत गेली आणि आठवणींवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. कोलत्यांची १९७८ची आवृत्ती हाती घेऊन पाठभेद शिकवताना मी गळालेल्या वाक्यांविषयी तासभर बोलतो. गळालेला नकार कधी मनातही आला नव्हता. खरे तर माहितगाराचे 'ठाऊक नाही' हीसुद्धा नोंदच, आणि पुष्कळदा सर्वांत प्रामाणिक.

जुनी वही काढली. २९ शब्दांपुढे माझीच फुली होती. तेवढे कप्पे पुन्हा रिकामे केले. बारा शब्द थेट संगणकावर नोंदलेले, त्यांना वहीचा आधार नाही. त्यांपैकी चारांचे मूळ तुमसरच्या मावशीने सांगितले. ते तिच्या नावाने वेगळ्या कप्प्यात लिहिले. आईच्या कप्प्यात घालण्याचा धीर झाला नाही.

उरलेल्या आठांपुढे अजून तेच दोन शब्द आहेत.