दुःखाच्या घरी बोलावे कमी



गारपिटीनंतर पंचनाम्याला बांधावर गेलो की एक प्रश्न हमखास कानी येतो, "साहेब, आमचं असं काय पाप होतं?" गारा कशा तयार होतात ते मी शेतीच्या पदवीच्या बळावर सांगू शकतो. पण विचारणाऱ्याला ते नको असते.

मी ख्रिस्ती घरातला. आमच्या पवित्र शास्त्रात ईयोब नावाच्या एका सज्जन माणसाची कथा आहे. त्याच्याकडे 500 बैलजोड्या होत्या, 7,000 मेंढरे होती. औत चालू असतानाच लुटारूंनी बैल नेले. त्याच दिवशी वादळात घर कोसळून त्याची दहाही मुले गेली. पुढे त्याच्या अंगभर फोड उठले. तिघे मित्र भेटीला आले आणि 7 दिवस, 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. इथवर ते खरे मित्र होते. मग तोंड उघडून म्हणू लागले, तुझेच काही पाप असेल!

ईयोब रडला, देवाला जाब विचारू लागला. शेवटी देवाचा कोप झाला, पण तो त्या मित्रांवर. आणि दुःख का आले, हे देवाने ईयोबालाही सांगितले नाही. पुढे क्रुसावर खुद्द येशूनेही देवाला 'का' म्हणून विचारले. तेव्हा संकटात असे विचारणे हे काही पाप नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडणे मात्र चूक आहे.

माझा धाकटा भाऊ ऐन सुगीत गेला. येणाऱ्यांनी कारणे पुष्कळ सांगितली. कुणी नशीब म्हणाले, कुणी देवाची परीक्षा. त्यातले एकही वाक्य आज आईला आठवत नाही. शेजारच्या नानांनी मात्र काही न बोलता आमची ज्वारी काढून खळ्यावर आणून टाकली. ते ती अजून सांगते.

पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870 नंतरच्या दुष्काळी वर्षांत उपासमारीने गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या भुकेल्या मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावी घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. स्वतः सोसलेले दुःख असे दुसऱ्याच्या कामी येते. ते का आले याचे उत्तर त्यातून मिळत नाही, पण ते वायाही जात नाही.

म्हणून सांगतो, शेजाऱ्याचे पीक गेले, घरचे माणूस गेले, तर उपदेश घेऊन जाऊ नका. भाकरी घेऊन जा. त्याच्या गुरांना वैरण टाका, पिकाला पाणी द्या. आणि घटकाभर नुसते त्याच्याजवळ बसा.