करमाड ते सिंगापूर : पाठ टेकण्याचें भाडें

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारें २० किलोमीटरांवर करमाड नांवाचें गांव आहे. वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांच्या टिपणांत हें नांव सहसा नसतें, आणि येथें मुद्दाम येऊन पाहण्यासारखें कांहीं आहे असा आमचाही दावा नाहीं. परंतु 'प्रवास' या विषयावर ज्यास विचार करावयाचा असेल त्यास इतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. निजाम सरकारच्या अमदानींत, इ. स. १९०० च्या सुमारास, मनमाडपासून गोदावरीच्या खोऱ्यांतून हैदराबादेकडे जो लोहमार्ग घालण्यांत आला तो या गांवावरून जातो. शेजारीं शेंद्रें येथें मोटारींचा कारखाना आहे. जवळूनच नवा समृद्धि महामार्ग गेला आहे. आणि गांव व शहर यांच्या दरम्यान चिकलठाण्याचा विमानतळ असून त्याची धांवपट्टी पूर्व-पश्चिम असल्यामुळें पूर्वेकडून उतरणारें विमान आमच्याच बाजूच्या आभाळांतून खालीं येतें. पायीं, बैलगाडीनें, आगगाडीनें, मोटारीनें व विमानानें जाणारा माणूस एकाच जागीं उभें राहून पाहावयाचा असेल तर त्यानें करमाडास यावें.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा सिंगापुरास नोकरीस असतो. त्यानें आपल्या आईस, म्हणजे आमच्या वहिनींस, व सोबतीस म्हणून आम्हांस तिकडे बोलाविलें; आणि जातांनाचीं जीं तिकिटें पाठविलीं तीं विमानाच्या साध्या वर्गाचीं नव्हेत, तर ज्यास 'बिझनेस क्लास' म्हणतात त्या वर्गाचीं होतीं. वहिनींचें वय ७४ असून दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. भाडें साध्या वर्गाच्या जवळजवळ चौपट आहे हें कळतांच त्यांनीं प्रथम नकारच दिला. "चौघांच्या पैशांत एकटीनं जायचं, म्हणजे मी काय चार जागांवर बसणार आहे?" असा त्यांचा सवाल होता. मुलानें दूरध्वनीवरून उत्तर दिलें, "आई, बसायचं नाहींच मुळीं, निजायचं आहे." घरांत या उत्तरावर सर्वजण हंसले. परंतु या वर्गाचें सारें मर्म त्या एका वाक्यांत आहे, हें पुढें आमच्या ध्यानांत आलें.

हा वर्ग मुळांत निघाला कसा, हें वाचकांस सांगण्यासारखें आहे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें प्रथम लंडनला गेलें, तेव्हां त्यांत ३५ उतारू होते. विमानानें जाणें हीच त्या काळीं श्रीमंती होती. तींत आणखी पायऱ्या पाडण्याचें फारसें कारण नव्हतें. १९५२ सालीं अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या कंपन्यांनीं कमी भाड्याचा 'टूरिस्ट' वर्ग सुरू केला, आणि पुढें मोठमोठीं जेट विमानें आल्यावर सवलतीचें तिकीट घेऊन जाणाऱ्यांची संख्या फारच वाढली. तेव्हां आयत्या वेळीं पुरतें भाडें भरून जाणारे व्यापारी कुरकुरूं लागले कीं, शेजारचा मनुष्य निम्म्या भाड्यांत बसला असतां आम्हांस त्याहून अधिक काय मिळालें? या कुरकुरीची समजूत घालण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पहिला वर्ग व साधा वर्ग यांच्या मध्यें एक पडदा लावून हा नवा वर्ग काढण्यांत आला. आरंभीं त्यांत थोडी मोकळी जागा व बरें जेवण, एवढेंच होतें. पुढें २००० सालीं ब्रिटिश एअरवेज कंपनीनें या वर्गांत पुरतें आडवें होणारें आसन आणलें, आणि मग एकामागून एक इतर कंपन्यांसही तें करणें भाग पडलें. म्हणजे या पडद्यामागें प्रथम विकला गेला तो मान. झोंप विकली जाऊं लागली ती नंतर.

मुंबईस जलद जाणारी 'वंदे भारत' गाडी करमाडास थांबत नाहीं. म्हणून मोटारीनें शहरांत जाऊन आम्हीं ती तेथें धरली. मुंबईच्या विमानतळाची जी मोठी इमारत २०१४ सालीं सुरू झाली, तिच्या भिंतींवर निरनिराळ्या प्रांतांतील हजारों कलाकृति मांडलेल्या आहेत. घाईच्या उतारूंस त्या दिसत नाहींत. वहिनी चाकांच्या खुर्चींत बसून सावकाश चालल्या होत्या म्हणून त्यांस त्या दिसल्या. बिझनेस वर्गासाठीं रांग निराळी असते व तींत माणसें थोडीं. जेथें इतर उतारूंस तास-अर्धा तास उभें राहावें लागतें, तेथें आमचें काम पांच मिनिटांत झालें. या वर्गांत विकलें जाणारें पहिलें सुख हेंच, कीं उभें राहावें लागत नाहीं.

विमान मध्यरात्रीच्या सुमारास सुटलें. मुंबईपासून सिंगापूर सुमारें ३९०० किलोमीटर दूर असून हें अंतर कापण्यास साडेपांच तास लागतात. आसन असें प्रशस्त कीं, पाय पुरते लांब केले तरी पुढच्या आसनास लागत नाहींत. आल्याबरोबर ऊन पाण्यांत भिजवून पिळलेला रुमाल हातीं आला. विमानसेविका प्रत्येकापाशीं येऊन, खालीं वांकून, नांव घेऊन विचारपूस करीत होती. शाकाहारी जेवण आगाऊ सांगून ठेवलें होतें. पांढऱ्या कापडावर चिनी मातीच्या बशांतून भात, डाळ, पनीराची भाजी व दही असें तें आलें. वहिनींनीं आपल्या पिशवींतल्या दशम्या काढल्या, त्यांबरोबर दही घेतलें, आणि सर्व व्यवस्था न्याहाळून अभिप्राय दिला, "सगळं आहे, पण डाव्या बाजूला मीठ नाहीं वाढलेलं." शेजारच्या आसनावरील गृहस्थ कानांस यंत्र लावून आपल्याच कामांत गढले होते. उतरेपर्यंत त्यांचा आमचा एका शब्दाचाही व्यवहार झाला नाहीं. येथें एकान्तही भाड्यांतच धरलेला असतो.

जेवणें झालीं व दिवे मंद झाले. आसनाच्या कडेची कळ दाबतांच पाठ मागें गेली, पाय वर आले आणि पाहतां पाहतां सहा फुटांहून लांब असा बिछाना तयार झाला. त्यावर पातळ गादी, उशी व मऊ पांघरूण. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, तासीं आठशें-नऊशें किलोमीटर वेगानें, बंगालच्या उपसागरावरून माणूस अंथरुणांत निजून चालला आहे, ही गोष्ट आमच्या आजोबांस कोणी सांगितली असती तर त्यांनीं ती पुष्पक विमानाच्या कथेंत जमा केली असती! वहिनी आडव्या झाल्या. परंतु बऱ्याच वेळानें पाहिलें तों त्यांचे डोळे उघडेच होते. "गुडघे दुखतात का?" असें विचारलें. त्या म्हणाल्या, "नाहीं हो भाऊजी. इथं माणसाला पाठ टेकायला केवढी व्यवस्था केली आहे, तें बघत होतें. ते आपल्या रुळांवर निजले होते ना, त्यांची आठवण झाली."

करमाडच्या माणसास 'ते' म्हणजे कोण, हें विचारावें लागत नाहीं. इतर वाचकांसाठीं तें सांगतों. २०२० च्या मार्चपासून करोनाच्या सांथीमुळें देशांतील नेहमींच्या प्रवासी गाड्या बंद होत्या. जालन्याच्या एका पोलादाच्या कारखान्यांत काम करणारे वीस मजूर, मध्यप्रदेशांतील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांतील राहणारे, ७ मे रोजीं संध्याकाळीं पायीं निघाले. भुसावळास पोंचल्यास तेथून गांवाकडे जाणारी गाडी मिळेल, अशी त्यांची आशा होती. पुढें ते लोहमार्गानें चालत राहिले. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून झाल्यावर, बदनापूर व करमाड या स्थानकांच्या मध्यें, पाय उचलेनात तेव्हां त्यांनीं विसावा घेतला. गाड्या बंद आहेत या समजुतीनें त्यांतील बहुतेक रुळांवरच निजले. ८ मेच्या पहांटे सवापांचच्या सुमारास पेट्रोलच्या रिकाम्या टाक्यांची एक मालगाडी आली. चालकानें भोंगा वाजविला, गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला. पण व्हावयाचें तें झालें. सोळा जण गेले. सकाळीं रुळांवर त्यांच्या वहाणा व शिदोरीच्या पोळ्या पसरलेल्या होत्या, त्यांचें छायाचित्र सगळ्या देशानें पाहिलें.

याच रात्रीं, म्हणजे ७ मे रोजीं, परदेशांत अडकलेल्या हिंदी लोकांस आणणारीं पहिलीं दोन विमानें अबूधाबी व दुबई येथून निघून केरळांत कोची व कोळिकोड येथें उतरलीं. त्या विमानांतील लोकही संकटांतच होते, आणि त्यांस आणणें योग्यच होतें. आम्ही या दोन गोष्टी शेजारीं मांडतों त्या कोणास दोष देण्यासाठीं नव्हेत. एकाच रात्रीं एकाच देशांतील माणसें घराकडे निघालीं होतीं. कित्येकांस बसावयास आसन होतें, आणि कित्येकांस पाठ टेकावयास रुळाखेरीज दुसरी जागा सांपडली नाहीं, एवढेंच सांगावयाचें आहे. त्या सोळा जणांचें मरण चालण्यानें आलें नाहीं. तें झोंपेनें आलें. थकलेल्या देहास झोंप ही चैन नव्हे, अन्नापाण्याइतकी ती गरज आहे. ती भागविण्याची सोय वाटेवर कोठेंच नसली म्हणजे माणूस कोठें निजेल याचा नेम नाहीं.

पुढें केव्हां तरी वहिनींस झोंप लागली ती सेविकेनें चहा आणीपर्यंत. सिंगापूरचें घड्याळ आपल्याहून अडीच तास पुढें असतें. त्यामुळें रात्र आंखूड झाली होती, तरी त्या ताज्या उठल्या. विमानतळावर मुलास भेटतांच पहिलें वाक्य हें कीं, "गुडघे अजिबात दुखले नाहींत रे." आम्हांस वाटतें, या वर्गाच्या बाजूचें सर्वांत खरें प्रमाणपत्र हेंच आहे. काटे-चमचे, अत्तरें व नांव घेऊन केलेलें आदरातिथ्य यांवांचून माणसाचें अडत नाहीं. परंतु चौऱ्याहत्तर वर्षांच्या दुखऱ्या पायांस रात्रीचे साडेपांच तास आडवें होतां आलें, यास चैन म्हणून हिणविणें आम्हांस जमणार नाहीं.

तरी परतीच्या वेळीं वहिनींनींच मुलास सांगितलें, "दिवसाचं विमान बघ, आणि साधं तिकीट काढ. दिवसा कोण निजतं?" त्याप्रमाणें आम्ही साध्या वर्गांतून आलों. आसनें जवळजवळ; पुढच्याचें आसन मागें झुकलें कीं गुडघ्यास लागे. वहिनी कडेच्या जागेवर बसून तासातासानें उठत व दोन फेऱ्या घालीत. शेजारीं एक तमिळ बाई होत्या. त्यांस मराठी येईना, वहिनींस तमिळ येईना. पण लिंबाच्या लोणच्याची देवघेव झाली, नातवंडांचीं छायाचित्रें पाहून झालीं, आणि उतरतांना त्या बाईंनीं वहिनींची पिशवी खालीं काढून दिली. गुडघे थोडे दुखले, पण प्रवास लवकर सरला.

या अनुभवावरून आमच्या वाचकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. प्रवास रात्रीचा असून बरोबर वृद्ध अथवा दुखणाईत माणूस असेल, आणि घरची शक्ति असेल, तर हा वर्ग घेण्यांत संकोच मानूं नये. तेंच विमान दिवसाचें असेल तर साध्या वर्गांत कडेची जागा मागून घ्यावी व बाकीचा पैसा राखावा. चाकांच्या खुर्चीची मदत गरजू उतारूंस कोणत्याही वर्गांत मिळते. ती तिकीट काढतांनाच नोंदवावी. शाकाहारी जेवणही आगाऊच सांगावें. आणि केवळ पडद्याच्या पुढें बसलों हें चार लोकांस सांगतां यावें, एवढ्यासाठीं चौपट भाडें कोणी भरूं नये.

वर्ग असावेत कीं नसावेत, हा वाद मोठा आहे व तो येथें सुटणारा नाहीं. पण एका मराठी माणसानें त्यांतून काढलेली वाट येथें आठवते. आपल्या रेल्वेंतील तिसरा वर्ग १९७४ सालीं नांवापुरता गेला. दुसरा वर्ग म्हणून जो उरला त्यांत निजण्यास लांकडाच्या उघड्या फळ्याच होत्या. १९७७ ते १९७९ या काळांत कोंकणांतील राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनीं पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून घेतल्या नाहींत. दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच जाडीची मऊ गादी बसविण्याचें काम सुरू केलें. विमानांतील बिछान्यापुढें दोन इंच ते काय! परंतु तेव्हांपासून कोट्यवधि माणसांच्या पाठीस तेवढा आधार झाला आहे.

आजही करमाडवरून रात्रीं एखादी गाडी जाते तेव्हां साध्या डब्याच्या खिडकींतून फळीवर निजलेलीं माणसें क्षणभर दिसतात. त्यांच्या पाठीखालीं तीं दोन इंच आहेत. ज्यांच्या पाठीखालीं तींही नाहींत, अशांची वाट याच रुळांच्या कडेनें गेली होती. तेवढें स्मरण ठेवून ज्यास जो वर्ग परवडेल त्यानें त्यांत सुखानें निजावें.