चारची सावली

एप्रिल निम्मा सरला की सावेडीत सावलीला किंमत येते. पाइपलाइन रोडवर माणसं गाडी लावायला आधी झाड शोधतात, भाजीवाल्या मावशी उन्हाबरोबर आपली पाटी सरकवत राहतात, आणि आमच्या परसातल्या गावरान कोंबड्या कडुनिंबाच्या सावलीमागे सकाळपासून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत असतात. दाणे टिपणं, माती उकरणं, भांडणं, सगळं त्या सावलीच्या आत. तिची कड जिथं संपते तिथं त्यांचं अंगण संपतं.

नगर सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि त्याचाही भरवसा नाही. याला वाळवंट म्हणता येणार नाही. पण मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि मुरूम असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही, तेव्हा कोंबडीच्या दृष्टीनं फरक फारसा उरत नसावा.

कारण तिला घाम येत नाही. तिचं अंग एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं. हवा तेवढीच तापली की अंगातली धग बाहेर टाकायला एकच वाट राहते, श्वासाची. चोच उघडी, गळा थरथरतोय, पंख अंगापासून दूर धरलेले, तुरा लालभडक. हे धापणं मला बघवत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर ओल जाते, तसा कार्बन डायऑक्साइडही जातो. रक्ताचा तोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारा चुना कमी पडतो. वैशाखातलं अंडं बोटांना पातळ लागतं ते यामुळे. शिंपल्याचा चुरा मी वाटीत ठेवते, पण तो अर्धाच उपाय. गारवा मिळाला तरच कवच भरतं.

ही मुळात रानातली पाखरं. आग्नेय आशियातल्या बांबूच्या बनात, पाचोळ्यावर वाढलेल्या तांबड्या रानकोंबडीची ही लेकरं. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबडीचाही त्यांच्यात अंश आहे. पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारं जनुक तिच्याकडून आलं, असं संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून परसातले ते पिवळे पाय मी वेगळ्या नजरेनं पाहते. दोन्ही बाजूंनी सावलीचीच कुळं! माणसानं त्यांना उघड्या माळावर आणलं. मग सावली पुरवणं माणसाकडेच आलं.

पारनेरकडची माझी आत्या उन्हाळ्यात दाणे टाकायची ते झुंजुमुंजू असताना आणि पुन्हा दिवस कलल्यावर. दुपारी मूठभर कणीसुद्धा नाही. "भरल्या पोटी ऊन बाधतं गं," एवढंच सांगायची. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता निर्माण होते आणि खाल्ल्यावर काही तासांनी ती चढते, हे मी पुस्तकात पुष्कळ नंतर वाचलं. पाणी ती मातीच्या पसरट परळात ठेवायची, सावलीतच, आणि दुपारी बदलायची. तापलेल्या पाण्याला कोंबडी चोच लावून सोडून देते, आणि नेमकी तेव्हाच तिला एरवीच्या दुपटीहून अधिक पाण्याची गरज असते.

निजामशाहीत, १५८३ मध्ये, इथला फराहबाग तळ्याच्या मधोमध उभा राहिला. पाण्यावरून येणारा वारा गार होतो, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. खुराड्यावरचं ओलं गोणपाट तेच काम करतं. वळवाआधी हवा कोंदली, की मात्र मी ते काढून टाकते. दमट हवेत ओल उडत नाही आणि धापा टाकूनही अंग निवत नाही. तेव्हा ओलाव्यापेक्षा मोकळा वारा महत्त्वाचा. जड अंगाच्या, झटपट वाढणाऱ्या जाती सर्वांत आधी कोसळतात ते अशाच दुपारी. नगरच्या परसात त्या पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हलक्या अंगाची, लांब पायांची गावरान किंवा उघड्या मानेची कोंबडी इथं तग धरते.

आणि नेमकी याच दिवसांत एखादी खुडूक होते. पिसं फुलवून, कुणी हात लावला तर फणकारत, खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहते. तिच्याखाली अंडी ठेवायचा मोह फार होतो. पण अंड्यातला जीव साधारण साडेसदतीस अंशांवर वाढतो. त्याहून तीन-चार अंश चढले तर तो गुदमरतो. उन्हाळ्यात तर उबेला न ठेवलेल्या अंड्यातही, नुसत्या खोलीच्या उष्णतेनं वाढ सुरू होते आणि अर्ध्यात विझते. म्हणून अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करून माठाशेजारच्या गार कोनाड्यात ठेवायची आणि खुडूक झालेलीला वाऱ्याच्या जागी डालग्याखाली झाकायची. रवण श्रावणात. तोवर किडे-गवत वर आलेलं असतं, पिल्लांना आयतं खाणं मिळतं.

राहता राहिला चार वाजताचा प्रश्न. कडुनिंबाची सावली तोवर कुंपणापलीकडे, शेजारच्या फरशीवर गेलेली असते आणि पश्चिमेचं ऊन तिरपं थेट खुराड्याच्या दारात शिरतं. दिवसातली सर्वांत वाईट वेळ हीच. पडदा बांधला की ऊन अडतं, पण वाराही अडतो. झाडच हवं, आणि लवकर वाढणारं. आत्याच्या बांधावरच्या शेवग्याच्या मनगटाएवढ्या दोन फांद्या मी मागून ठेवल्या आहेत. मृगाचा पहिला पाऊस झाला की त्या पश्चिमेच्या भिंतीशी रोवायच्या, मधे हातभर वारा जाईल एवढी जागा सोडून.