काकांचा सूट

‘दादाने काकांसाठी सूट घेतलाय,’ असं सांगितल्यावर आजीचा पहिला प्रश्न होता, ‘कुठल्या रंगाचा?’ तिची काय चूक म्हणा! आमच्या घरात सूट म्हणजे एक तर लग्नात घालायचा, नाहीतर दुकानदार दिवाळीत देतो ती. बोटीवरचा सूट घरात एकाच माणसाला माहीत होता. काकांना. काका अठरा वर्षं परदेशी क्रूझ जहाजांवर केबिन स्टुअर्ड होते. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, आणि तिथे लोकांच्या खोल्या आवरायच्या, चादरी घालायच्या, बाथरूम चकाचक ठेवायचं.

डिसेंबर 2023 मध्ये काका-काकूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दादाने गुपचूप मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलं. जहाज ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’. काका-काकू सूटमध्ये आणि आम्ही बाकीचे आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये! हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. 2021 पासून ते मुंबईहून प्रवासी नेऊ लागलं. लांबी 211 मीटर, ग्रॉस टनेज 48,563. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे हं! ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. व्हायव्हामध्ये उपयोगी पडेल.)

आणि जहाजावर खरी श्रीमंती म्हणजे हीच, जागा. आमच्या केबिनमध्ये एकाने बॅग उघडली की बाकीच्यांनी बेडवर चढून बसायचं. होस्टेलची सवय असल्याने मला विशेष वाटलं नाही. पण सूटचं दार उघडलं आणि आमचा एकच गलका! बसायला वेगळी जागा, सोफा, फ्रिज, आंघोळीला टब, आणि बाल्कनीतून थेट समुद्र! आई आणि काकू आरशापुढे. धाकटा भाऊ मात्र घसरगुंडी शोधत होता. ‘सिंफनी ऑफ द सीज’ या 2018 च्या जहाजावर एक दुमजली फॅमिली सूट आहे, त्यात मुलांच्या खोलीतून घसरगुंडीने थेट खालच्या हॉलमध्ये येता येतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. इथे ती नाही म्हटल्यावर साहेब रुसले.

काका अजून दारातच उभे होते. मग आत आले, कपाटाच्या वरून एक बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि मान डोलावली. चादरीचा कोपरा उचलून पाहिला. सोफ्यावर काही बसले नाहीत.

‘अगं, इकडे ये, तू इंजिनिअर ना?’ म्हणत त्यांनी मला त्यांचा सूट दाखवला. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून भिंतीला लावलं, ते चिकटलं. वॉलपेपरच्या मागे लोखंड! बाथरूमचा उंबरा मुद्दाम उंच, म्हणजे जहाज डोललं तरी पाणी बाहेर येत नाही. टॉयलेट विमानातल्यासारखं व्हॅक्यूमचं, त्यामुळे पाणी अगदी थोडं लागतं. शेवटी कपाट उघडून लाइफ जॅकेट बाहेर काढलं. ‘तुमच्या केबिनमधलं आणि हे, काही फरक आहे का बघ.’ काहीच नव्हता. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं, 32 माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाला. 2015 पासून अशा जहाजांवर सुरक्षेची ड्रिल निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. ‘तिथे सूटवालासुद्धा रांगेतच,’ काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सूटमध्ये चहाला गेलो तर बेड कडक घडी घालून तयार, टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. काकांनी स्वतः केलं होतं! दादा वैतागला. ‘बाबा, दोन दिवस तरी गेस्ट व्हा ना! मी कशासाठी पैसे भरले?’ काका काहीच बोलले नाहीत. दादाचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. दोघांचंही बरोबर होतं.

तेवढ्यात बेल वाजली. स्टुअर्ड आला होता. मालवणकडचा, माझ्याच वयाचा असेल. हत्ती पाहून तो थबकला, मग काकांकडे बघून हसला. ‘कुठल्या लाइनला होता, काका?’ त्याला सांगावं लागलंच नाही! मग दोघांचं सुरू झालं. किती केबिन तुझ्याकडे, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, साइन-ऑफ कधी, घरी कोण. त्याला लहान बहीण होती, बारावीला. काकांनी त्याला सोफ्यावर बसायला सांगितलं. तो ‘नको, ड्यूटीवर आहे’ म्हणाला. काकांना ते बरोबर समजलं.

तो गेल्यावर दादाने न बोलता चहाचा कप भरला आणि बाल्कनीतल्या खुर्चीजवळ नेऊन ठेवला. काका क्षणभर घुटमळले. मग जाऊन बसले, पाय लांब केले. अठरा वर्षांत अशा कितीतरी बाल्कन्या त्यांनी पुसल्या असतील. काकूने आम्हा सगळ्यांना खुणेनेच बाहेर काढलं.