पोथीची नक्कल आणि टोरंटची फाइल : एक धागा

१/ हर्सूल टी पॉइंटच्या मागच्या गल्लीतील भाड्याच्या खोलीत इतिहासाचा एक विद्यार्थी चार दिवसांपासून ९७ टक्क्यांवर अडकला आहे. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाच्या एकोणिसाव्या शतकातील अंकांचा गठ्ठा त्याला हवा आहे. ब्राउझरमधून दोनदा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा वीज गेली आणि फाइल पुन्हा शून्यापासून सुरू झाली. टोरंटमध्ये आलेले तुकडे जात नाहीत. पण उरलेले तीन टक्के ज्या संगणकावर आहेत, तो बंद आहे.

२/ नेहमीचे डाउनलोड हर्सूलकरांना नहरीवरून चटकन उमगेल. पाणचक्कीचे पाणी हर्सूल नदीच्या उपनदीलगतच्या विहिरीतून, जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरापर्यंत येई. उगम एक, घेणारे अनेक. उगमाशी गाळ साचला की खाली सारे कोरडे. संकेतस्थळाचा सर्व्हर हा असा उगम असतो. मात्र पाणी घेतले की घटते, फाइल घटत नाही. तेव्हा नहरीची उपमा इथेच सोडावी. पुढची गोष्ट पोथ्यांची आहे.

३/ छापखान्यापूर्वी ग्रंथ पसरत तो नकलेने. एकाने पोथी आणावी, उतरवून घ्यावी, आणि पुढच्याने मुळाकडे न जाता या नकलेवरून आपली प्रत करावी. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. उगम नाहीसा झाला, तरी घेणाऱ्यांपाशी तुकडे होते.

४/ हातोहात फिरणाऱ्या प्रतींत चुका शिरतात, हा याचा दुसरा भाग. कुणी शब्द गाळतो, कुणी पदरची ओवी घालतो. १२९० मधील ज्ञानेश्वरीचे तीनशे वर्षांत असेच झाले. हर्सूलच्याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या पैठणला एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कुणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. अनोळखी नकलनविसांच्या साखळीत मजकूर खरा कसा ठेवायचा, हाच तो प्रश्न.

५/ ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटोरंट आणले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. मोठ्या फाइलचे लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. टोरंट फाइलमध्ये मूळ मजकूर नसतोच. तुकड्यांची यादी आणि त्यांचे ठसे असतात. आलेल्या तुकड्याचा ठसा जुळला नाही तर संगणक तो टाकून देतो व दुसऱ्याकडे मागतो. एकनाथांना ज्याला वर्षे लागली असतील, ते काम क्षणात होते. अर्थात ठसा फक्त मुळाशी इमान तपासतो. मूळच खोटे असेल तर खोटेही तंतोतंत उतरते.

६/ १९९९ चे नॅपस्टर याआधीचे. तिथे गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कुणाकडे काय आहे याची सूची एकाच ठिकाणी. न्यायालयीन आदेशांनंतर जुलै २००१ मध्ये ती सूची थांबली आणि सारे जाळे थांबले. योगायोग असा, की बिटटोरंटची पहिली आवृत्तीही त्याच जुलैतली.

७/ इथे घेणारा तोच देणारा असतो. हाती आलेला तुकडा लगेच पुढच्याला जाऊ लागतो. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी मागितला जातो, म्हणजे दुर्मिळ भाग लवकर वाढतो. जो देतो त्यालाच प्राधान्याने मिळते; नवख्याकडे द्यायला काहीच नसते, म्हणून अधूनमधून एखाद्याला परतफेडीविना दिले जाते. जुन्या सावकारीपेक्षा हा व्यवहार पुष्कळच सुसह्य म्हणायचा.

८/ कायद्याचा पेचही नेमका इथेच आहे. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टोरंटवर फुटला. त्या वर्षी अडवलेल्या पानांवर ‘पाहिलेत तरी तीन वर्षे कैद’ अशा आशयाचा मजकूर झळके आणि घबराट होई. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे. विनापरवाना वितरण हा गुन्हा आहे. ऐकून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो घाईचा होता, कारण टोरंटवर उतरवणारा त्याच क्षणी वितरकही असतो. शिवाय त्याचा आयपी पत्ता त्या फाइलवरील इतर सर्वांना दिसतो.

९/ जे निर्विवाद खुले आहे, त्याला ही भीती नाही. लिनक्सच्या प्रती अशाच वाटल्या जातात. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ पासून दहा लाखांहून अधिक नोंदींसाठी टोरंट दिले. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. वापरताना क्यूबिटटोरंटसारखे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे, अपलोडला वेगमर्यादा घालावी, आणि पुस्तकाच्या नावाखाली ‘.ईएक्सई’ फाइल आली तर ती उघडू नये. मोबाइलच्या डेटावर हे करू नये. दिलेलाही डेटा मोजला जातो.

१०/ पाचव्या रात्री दोनच्या सुमारास कुठला तरी संगणक चालू झाला. दहा मिनिटांत ९७ चे १०० झाले आणि तो अज्ञात दाता पुन्हा दिसेनासा झाला. एरवी फाइल पूर्ण होताच विद्यार्थी ती यादीतून काढून टाकी. आज यादीत आणखी एक जण दिसत होता, ३१ टक्क्यांवर. पूर्ण प्रत असलेला दुसरा कुणीही नव्हता. सकाळी खोलीतल्या सोबत्याचा ऑनलाइन वर्ग असतो, म्हणून त्याने अपलोडचा वेग कमी केला, पडद्याचा उजेड घालवला आणि संगणक चालूच ठेवून तो झोपला.